पायाखालची फरशी : पाळीव प्राणी असलेल्या घरासाठी

घराची जमीन नवी झाली म्हणजे घरातील माणसांना आनंद होतो. परंतु ज्या घरी कुत्रा असतो, त्या घरी पुष्कळदा एक विलक्षण प्रसंग पाहावयास मिळतो. कालपरवापर्यंत घरभर धावणारा प्राणी उंबरठ्यावर येऊन थांबतो. एक पाय पुढे टाकतो, तो मागे घेतो, आणि मग भिंतीच्या कडेकडेने, अंग आखडून, नखे रोवण्याचा व्यर्थ प्रयत्न करीत चालू लागतो. कुत्रा वयस्क असेल तर बसल्या जागेवरून त्याला उठताच येत नाही. मागचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकतात. घरच्यांना वाटते की, त्याला नवी जागा ओळखू येत नाही. वस्तुतः ती त्याला फार चांगली ओळखू आलेली असते.

जमीन निवडताना मनुष्य दुकानातील प्रखर दिव्याखाली उभा राहतो, आणि जी फरशी आपले प्रतिबिंब सर्वांत स्वच्छ दाखवील ती पसंत करतो. ही निवड डोळ्यांनी केलेली असते. घरातील चौपाया मात्र त्याच जमिनीचा अनुभव पायाने, पोटाने, नाकाने आणि, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते, जिभेने घेत असतो. डोळ्याला जे रुचते ते ह्या चौघांना मानवेलच असे नाही. कोणती जमीन कोणत्या कारणाने बरी हे ठरविण्यास थोडे पदार्थविज्ञान, थोडे रसायन आणि प्राण्यांच्या शरीराची थोडी माहिती एवढी सामग्री पुरते. उदाहरण म्हणून रायपूर शहर घेतल्यास विषय अधिक स्पष्ट होतो; कारण तेथे उन्हाळा कडक आहे, पाऊस भरपूर आहे, आणि फरशीचा दगड तर शहराच्या पायाखालीच आहे.

एका प्राचीन समुद्राचा तळ

भूशास्त्रज्ञ ज्याला छत्तीसगड द्रोणी म्हणतात तो सुमारे ३३,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश एके काळी उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्राच्या तळाशी चुनखडीचे आणि गाळाचे थर एकावर एक साचत गेले. ही गोष्ट सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा पृथ्वीवर मासे नव्हते, झाडे नव्हती; सूक्ष्म जीवांच्या चिकट चटया तेवढ्या होत्या. त्या चटयांनी घडविलेल्या घुमटाकार थरांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात, आणि त्यांच्या खुणा रायपूरच्या परिसरातील चुनखडकात आजही दिसतात.

थराथरांनी साचलेला हा खडक थराथरांनीच सुटतो. थरांच्या सांध्यात पहार आणि छिन्नी चालविली की सपाट तक्ते निघतात. स्थानिक लोक त्यांस ‘फर्शी पत्थर’ म्हणतात. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ ह्या काळात रतनपूर येथे राहून छत्तीसगडचा कारभार केला. तेव्हापासून ह्या प्रदेशाशी मराठी कुटुंबांचा संबंध आहे. त्यांच्याकडे महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याला ही फरशी पाहून शहाबादीची आठवण झाली तर त्यात नवल नाही. शहाबादी फरशी हाही थरांचा चुनखडकच होय. हाच खडक चिकणमातीबरोबर सुमारे १,४५० अंश सेल्सियसला भाजला म्हणजे सिमेंटचा कच्चा गोळा तयार होतो. बलौदाबाजार, भाटापारा, तिल्दा ह्या भागांतील सिमेंटचे कारखाने त्याच्याच आधारे उभे राहिले. म्हणजे रायपूरच्या एखाद्या खोलीतील फरशी आणि तिला धरून ठेवणारे सिमेंट ही दोन्ही एकाच समुद्राची देणगी असू शकतात.

दगडी फरशीच्या आधीची जमीन शेणाने सारवलेली मातीची; खेड्यांतून ती अजूनही आढळते. प्राण्याच्या पायाला तिच्याइतकी अनुकूल जमीन दुसरी नाही. ती निसरत नाही, नख तिच्यात किंचित रुतते, सांध्यांना हादरा बसत नाही. तथापि ती मूत्र शोषून घेते, आणि ओलसर मातीत अंकुशकृमीच्या अळ्या जगतात. कुत्र्यांच्या पोटातील ह्या कृमीच्या अळ्या अनवाणी माणसाच्या कातडीतही शिरतात. तेव्हा जुने ते सर्व सोने असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. मातीच्या जमिनीचा निसरडेपणाचा अभाव आणि दगडाची स्वच्छता ही दोन्ही एका ठिकाणी कशी आणावी, हा खरा प्रश्न आहे.

पाय

कुत्र्याच्या तळव्याला जाड कातडीच्या गाद्या असतात. त्यांच्या आत चरबी असते, आणि बाहेरचा पृष्ठभाग बारीक उंचवट्यांनी खरखरीत झालेला असतो. मांजर चालताना नखे आत ओढून घेते. कुत्र्याला ते साधत नाही. मातीवर ही उणीव त्याच्या पथ्यावर पडते, कारण धावताना नखे जमिनीत रुतून खिळ्यांचे काम करतात. आरशासारख्या फरशीवर मात्र नख रुतत नाही, ते घसरते. शिवाय नख वाढलेले असेल तर आधी तेच टेकते, आणि ज्या गादीने जमीन धरावयाची ती गादीच पुरती टेकत नाही. म्हणून जमीन बदलण्यापूर्वी नखे कापून पाहावीत; पुष्कळ घरी निम्मी अडचण तेवढ्यानेच दूर होते.

घसरण्याची भीती केवळ पडण्यापुरती नसते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याची वाढ सदोष होण्याचा विकार आनुवंशिक असतो. पण तो किती बळावेल हे पिलाच्या वाढीच्या काळातील परिस्थितीवरही अवलंबून असते. नॉर्वेतील पशुवैद्यक संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत असे आढळले की, पहिल्या तीन महिन्यांत ज्या पिलांना जिन्याची चढउतार करावी लागली त्यांच्यात हा दोष अधिक होता, आणि जी पिले घराबाहेर मऊ जमिनीवर हिंडली त्यांच्यात कमी. ही पाहणी घरातील फरशीविषयी नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु वाढता सांधा पायाखालच्या पृष्ठभागाची नोंद घेत असतो, एवढे त्यावरून नक्की दिसते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तर एवढ्या पुराव्याचीही गरज नाही. ज्याचे स्नायू क्षीण झाले आहेत, त्याला निसरड्या जमिनीवर उठण्यासाठी दर वेळी धडपड करावी लागते; आणि काही दिवसांनी तो उठण्याचे टाळू लागतो, पाण्याच्या भांड्यापर्यंतही जाईनासा होतो. सशाची तऱ्हा निराळी. त्याच्या तळव्याला गादीच नसते, दाट केस असतात. सतत कठीण व ओल्या जमिनीवर ठेवल्यास त्याच्या टाचांना जखमा होतात.

फरशी किती घसरते हे मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. एका जर्मन पद्धतीत तेल सोडलेल्या उतारावर विशिष्ट बूट घातलेला मनुष्य चालतो आणि उतार हळूहळू वाढविला जातो. तो ६ ते १० अंशांपर्यंत टिकला तर फरशीला ‘आर ९’, १० ते १९ अंशांपर्यंत टिकला तर ‘आर १०’, १९ ते २७ अंशांपर्यंत टिकला तर ‘आर ११’ अशी श्रेणी मिळते. टाइलांच्या माहितीपत्रकावर ही अक्षरे पुष्कळदा छापलेली असतात, आणि ती विचारून घेणे केव्हाही चांगले. मात्र ही परीक्षा माणसाच्या बुटाची आहे, कुत्र्याच्या गादीची नव्हे. तिचा उपयोग दोन फरश्यांची तुलना करण्यापुरताच समजावा.

ह्याहून सोपी परीक्षा शाळेत किंवा घरी करता येते. साठ सेंटिमीटर लांबीची नमुन्याची टाइल पाण्याने ओली करून टेबलावर ठेवावी. जुन्या चपलेच्या रबरी तळाचा तुकडा तिच्यावर ठेवून त्यावर वजन ठेवावे, आणि टाइलेची एक कड सावकाश उचलीत जावे. तुकडा ज्या क्षणी घसरू लागेल, त्या क्षणी वर उचललेल्या कडेची टेबलापासूनची उंची मोजावी. ही उंची १८ सेंटिमीटर भरली तर उताराचा कोन साडेसतरा अंशांचा होतो आणि घर्षण गुणांक सुमारे ०·३ येतो. २७ सेंटिमीटर भरली तर तो ०·५ येतो. कोनाची स्पर्शज्या म्हणजेच घर्षण गुणांक, हा पाठ्यपुस्तकातला नियम येथे उपयोगी पडतो. चकचकीत आणि मंद पृष्ठभागाच्या दोन टाइला अशा शेजारी शेजारी तपासल्या, की दुकानात जो फरक दिसत नाही तो येथे सेंटिमीटरांत दिसतो. परीक्षा ओल्या फरशीवरच घ्यावी. कोरड्या फरशीवर सगळ्याच टाइला सभ्य वागतात.

पोट

मे महिन्यात रायपूरचा पारा अनेकदा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी घरातील कुत्रा चारही पाय पसरून पोट फरशीला लावून पडलेला दिसतो. त्यात आळस नसतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळव्यांत असतात. जीभ बाहेर काढून धापा टाकणे आणि थंड पृष्ठभागाला अंग लावणे हेच त्याचे उष्णता बाहेर टाकण्याचे उपाय होत. पोटावर केस विरळ असतात, म्हणून तेथून उष्णता लवकर वाहून जाते.

ह्या कामी दगड उत्तम. चुनखडकाची उष्णतावाहकता सागवानी लाकडाच्या दहापटीच्या आसपास असते. लाकूड किंवा प्लॅस्टिकची जमीन पोटाखाली थोड्याच वेळात तापते आणि मग उष्णता घेईनाशी होते. दगड ती खाली खाली नेत राहतो. तळमजल्यावर हा गुण विशेष जाणवतो, कारण काही मीटर खोलीवर मातीचे तपमान बारा महिने सरासरीच्या जवळपास टिकून असते. गच्चीखालच्या मजल्यावर मात्र मेमध्ये दगडही दुपारपर्यंत कोमट होतो, आणि तेथे फरशीपेक्षा गच्चीवरच्या पांढऱ्या रंगाचा उपयोग अधिक होतो. अंगणातील काळ्या फरशीची गोष्ट तर अगदी उलटी. उन्हात ती इतकी तापते की तळव्याची कातडी भाजते. हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्या फरशीवर कुत्र्याला नेऊ नये.

हिवाळ्यात, रात्री बारा-तेरा अंशांवर उतरल्या म्हणजे, तोच दगड म्हाताऱ्या प्राण्याला त्रासदायक होतो. त्यावर उपाय म्हणजे जमीन बदलणे नव्हे. जाड गोणपाटाची धुता येईल अशी घडी पुरते.

नाक

कुत्र्याच्या नाकातील गंधग्राहक पेशींची संख्या वीस कोटींच्या वर धरली जाते. माणसाची साठ लाखांच्या आसपास. घरच्यांनी फरशी पुसली, वास गेला असे ठरविले, तरी कुत्र्याच्या दृष्टीने तो गेलेला नसतो, आणि जेथे वास आहे तेथे पुन्हा खूण करणे हा त्याचा धर्म आहे.

ताज्या मूत्राला फारसा दर्प नसतो. त्यातील युरियाचे जिवाणूंच्या युरिएज नावाच्या विकराकडून विघटन होऊन अमोनिया सुटू लागतो, आणि मग नाकाला झिणझिण्या येतात. मांजराच्या मूत्रात ह्याखेरीज फेलिनीन नावाचे एक गंधकयुक्त द्रव्य असते. ते तयार होण्यासाठी कॉक्सिन नावाचे प्रथिन कारणीभूत होते, असे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखविले. फेलिनीन स्वतः गंधहीनच म्हटले पाहिजे. त्याच्या विघटनाने जे गंधकयुक्त पदार्थ होतात, ते मांजराचा तो सर्वपरिचित वास देतात. खच्ची न केलेल्या बोक्यात ह्याचे प्रमाण सर्वांत अधिक असते. म्हणून बोक्याच्या घरी महागड्या फरशीपेक्षा शस्त्रक्रिया स्वस्त पडते.

आता हे मूत्र जाते कोठे? फरशीत कमी आणि सांध्यांत अधिक. टाइल किती पाणी शोषते यावरून तिचे वर्ग पाडलेले आहेत. आंतरराष्ट्रीय मानक १३००६ प्रमाणे सर्वांत घट्ट वर्गातील टाइल आपल्या वजनाच्या ०·५ टक्क्यांहून अधिक पाणी घेत नाही. भिंतीसाठीची टाइल १० टक्क्यांहून अधिक घेते, आणि म्हणूनच ती जमिनीवर बसवू नये. बाजारात ‘व्हिट्रिफाइड’ म्हणून विकली जाणारी टाइल पहिल्या प्रकारची असते. पण अशी काचेसारखी घट्ट टाइल बसवून तिच्या फटी साध्या सिमेंटच्या ग्राउटने भरल्या, तर घडा उत्तम आणून त्याला भोक ठेवल्यासारखे होते. सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असते. एपॉक्सी ग्राउट महाग पडते, गवंड्याला ते वापरण्याचा कंटाळा येतो, कारण ते लवकर घट्ट होते आणि पुसावयास कष्ट पडतात. तरीही प्राणी असलेल्या घरात हा खर्च करण्याजोगा आहे. सबंध घरात शक्य नसेल तर जेथे मांजराची मातीची पेटी, कुत्र्याचे अंथरूण व दार असेल, तेवढ्या भागात तरी करावा.

फटींचा दुसराही एक धोका आहे. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली म्हणजे अंगावरून उतरते आणि भिंतीच्या, उंबरठ्याच्या व फरशीच्या भेगांत शिरून हजारो अंडी घालते. पिसवांची अंडी अंगावरून गळून पडतात आणि त्यांच्या अळ्या भेगांत व गालिच्यांत वाढतात. कुत्र्याला औषध लावून गोचिडी परत परत का येतात, ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा कुत्र्याच्या अंगावर नसून भिंतीच्या तळाशी सुटलेल्या फटीत असते. भिंतीलगतची पट्टी घट्ट बसवून तिची वरची कड भरून घेणे हे काम शेवटच्या दिवशी घाईने उरकले जाते. वास्तविक ते सर्वांत निगुतीने करावयाचे आहे.

जीभ

मांजर दिवसातून अनेक वेळा पाय चाटते. फरशीवर जे असेल ते तिच्या तळव्याला लागते आणि तळव्याचे पोटात जाते. म्हणून फरशी निवडणे म्हणजे ती पुसण्याचे द्रव्य निवडणेही होय, आणि येथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते.

पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होणारे काळे फिनाइल डांबरापासून काढलेल्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचे असते. मनुष्य व कुत्रा यांचे यकृत अशा द्रव्यांना ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देऊन ती मूत्रावाटे बाहेर टाकते. मांजराच्या यकृताला हे काम नीट जमत नाही. त्यासाठी लागणाऱ्या एका विकराचे जनुक मांजराच्या वंशात निकामी झालेले आहे, हे २००० साली सिद्ध झाले. ह्याच कारणामुळे माणसाच्या तापावरील पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेल्या जंतुनाशकांनी मांजराच्या जिभेला व्रण पडतात. मांजर असलेल्या घरात काळे फिनाइल आणूच नये. साबणाचे पाणी आणि त्यानंतर साधे पाणी एवढ्याने रोजची जमीन स्वच्छ होते. मूत्राच्या डागासाठी प्रथिने व युरिया यांचे विघटन करणारी विकरयुक्त द्रावणे मिळतात. अमोनियायुक्त द्रव्य वापरणे तर हास्यास्पदच. त्याच्या वासाने प्राण्याला येथे आधीच कोणी येऊन गेला आहे असे वाटते.

ब्लीचिंगची पावडर मूत्रावर टाकल्यास अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन हा विषारी वायू सुटतो. संडास धुण्याच्या आम्लात ती मिसळल्यास क्लोरीन सुटतो. प्राण्याचे नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असते, आणि हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत.

आम्लाचा संबंध फरशीशीही येतो. चुनखडक, संगमरवर, कोटा ही सर्व मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची बनलेली. हायड्रोक्लोरिक आम्ल पडताच तेथे फेस येतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पृष्ठभाग खाल्ला जातो. लिंबाच्या रसानेही झिलई केलेल्या संगमरवरावर पांढुरका डाग उठतो. ज्या घरी मोलकरणीच्या हाती आम्लाची बाटली देण्याची सवय आहे, त्या घरी दगडी फरशी दोन-चार वर्षांत खरबरीत होते, आणि मग ती खरोखरच मूत्र शोषू लागते. दोष मात्र कुत्र्याला मिळतो.

कुत्र्यावर येणारा दुसरा आळ ओरखड्यांचा. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी श्रेणी लावली. तीत माणसाचे नख अडीचच्या जवळ बसते; कुत्र्याचे नखही त्याच द्रव्याचे. चुनखडकातील कॅल्साइटचा क्रमांक तीन, म्हणजे नखाहून वरचा. तेव्हा दगडावर ओरखडे पाडण्याचे सामर्थ्य कुत्र्याच्या नखात नाही. ते आहे त्याच्या पायाला चिकटून आलेल्या वाळूत. वाळूतील गारेचा क्रमांक सात आहे. दारात जाड पायपुसणे ठेवावे आणि फिरून आल्यावर पाय धुवावेत, एवढ्याने फरशीचे आयुष्य वाढते. लाकडाच्या बाबतीत मात्र आरोप खरा मानावा लागतो. तेथे नखाच्या टोकावर शरीराचा भार एकवटून खळगे पडतात आणि वरचे वार्निश सोलले जाते.

दुकानात

एवढ्या विचारानंतर रायपूरच्या ग्राहकापुढे मोजकेच पर्याय उरतात. लाकडी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वाळवीला आमंत्रण देते. लॅमिनेटच्या पट्ट्या दिसण्यात लाकडासारख्या, पण त्यांचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो. सांध्यातून मूत्र शिरले की कड फुगून वर येते, ती पुन्हा बसत नाही. व्हिनाइलची जमीन पायाला मऊ आणि बरीच कमी निसरडी असते. वरच्या मजल्यावरील म्हाताऱ्या प्राण्यासाठी ती विचारात घेण्यासारखी आहे, परंतु कड चावणारे पिलू घरी असेल तर घेऊ नये. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा पिसवांच्या सोयीचा आहे.

राहता राहिले दगड आणि टाइल. तळमजल्याच्या घराला स्थानिक फर्शी किंवा राजस्थानातून येणारा कोटा हा पहिल्या पसंतीचा म्हणावा, मात्र आरशासारखी झिलई न केलेला. कोटा जागेवर बसवून मग यंत्राने घासतात. दगडांचे खडे बदलीत बदलीत घासणे बारीक होत जाते. पृष्ठभाग सपाट झाला, हाताला गुळगुळीत लागला, पण दिव्याचे प्रतिबिंब अजून धूसर आहे, अशा टप्प्यावर मिस्त्रीला थांबवावे. त्याला हे काम अर्धवट सोडल्यासारखे वाटेल आणि तो हरकत घेईल. म्हणून करार करतानाच तसे ठरवून घ्यावे. त्यानंतर दगडाच्या छिद्रांत शिरणारे आणि वर थर न करणारे पाणीरोधक द्रव्य लावावे. वर थर करणारे वार्निश लावल्यास निसरडेपणा मागच्या दाराने परत येतो. स्थानिक फर्शीची जाडी सारखी नसते व कडा वाकड्या असतात. यंत्राने कापलेली घेतली तर सांधे अरुंद होतात, आणि अरुंद सांध्यांचे महत्त्व वर आलेच आहे.

टाइल घ्यावयाची तर मंद पृष्ठभागाची घ्यावी. चकाकी आणलेल्या व्हिट्रिफाइड टाइलेची बाब चमत्कारिक आहे. घासताना तिच्या आतली बंद सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात, आणि ती बुजविण्यासाठी कारखान्यात वर लेप द्यावा लागतो. लेप झिजला की डाग बसू लागतात. मंद टाइल त्या मानाने प्रामाणिक असते. रायपूरचे भूजल चुनखडकातून येत असल्यामुळे जड असते, आणि चकचकीत काळ्या टाइलेवर त्याचा पांढरा थर उठून दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदीचा हिशेब सोपा आहे. साठ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चार टाइलांच्या खोक्यात १·४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट जमीन होते. बारा फूट बाय चौदा फूट खोलीचे क्षेत्रफळ १६८ चौरस फूट. अकरा खोक्यांत ती काठोकाठ बसते. पण कापण्यात आणि फुटण्यात काही जातेच, म्हणून बारा घ्यावीत. सर्व खोक्यांवरील छटेचा आणि उत्पादनाचा क्रमांक एकच आहे ना, हे गाडीत भरण्यापूर्वी पाहावे, आणि उरलेल्या टाइला माळ्यावर जपून ठेवाव्यात. पाच वर्षांनी तीच छटा मिळेल अशी आशा करू नये.

पसंती ठरविण्यापूर्वी मात्र दोन-तीन नमुने घरी आणावेत. दुकानदार बहुधा ते देतो. अंगणात ते सलग मांडून, पाणी शिंपडून, कुत्र्याला पलीकडून हाक मारावी, आणि तो कोठे पाऊल आखडते घेतो ते पाहावे.

काम चालू असताना

सगळे घर एकदम उकरू नये. एक खोली जुन्या जमिनीची राखली म्हणजे प्राण्याला हक्काची जागा राहते, आणि कामाच्या जागी त्याचे येणेही टळते. ते टाळणे आवश्यक असते. ओल्या सिमेंटचा सामू बारा-तेरापर्यंत असतो. अशा अल्कलीने तळवा भाजतो, आणि प्राणी तो चाटतो तेव्हा तोंडही भाजते. पाय भरले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावेत. एपॉक्सी ग्राउट पुरते घट्ट होईपर्यंत, म्हणजे वेष्टनावर जितके तास लिहिले असतील तितके, दार बंद असावे. दगडाला अखेरची झिलई देताना मिस्त्री जी पांढरी पूड वापरतात ती बहुधा ऑक्झॅलिक आम्लाची असते; ती विषारी आहे. घासणे संपल्यावर जमीन दोनदा धुऊन ते पाणी अंगणात साचू न देता बाहेर काढून द्यावे. मग एक नाणे घेऊन प्रत्येक टाइलेवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये टकटक करावी. जेथे पोकळ आवाज येईल ती टाइल खाली सिमेंट न भरता बसविलेली आहे. पुढे ती तडकेल आणि तिच्या भेगेत काय काय जाईल ते वर सांगितलेच आहे. अशा टाइला मिस्त्रीकडून त्याच दिवशी काढवून पुन्हा बसवून घ्याव्यात, आणि त्यानंतरच जुन्या खोलीचे दार उघडावे.